धंद्याचं टेन्शन आहे की डिप्रेशन? आधी फरक ओळखा



आज कॉस्टिंग नाही, मार्केटिंग नाही, जीएसटी तर नाहीच नाही. आज थोड्या वेगळ्या विषयावर बोलू. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, कारण ती चूक माझ्या एकट्याची नाही. धंदा शिकवणारे आमच्यासारखे बरेच जण ती रोज करतात.

सातारा जिल्ह्यातल्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती उद्योग. या धंद्याचा खरा सीझन मार्च ते मे. ऊन कडक असतं, मिरची खणखणीत वाळते आणि घरोघरी वर्षभराचा मसाला करून ठेवायची घाई असते. पाऊस सुरू झाला की गिऱ्हाईक संपलं. ताईंनी फेब्रुवारीतच बेडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती आणून ठेवली होती, कांडपवाल्याशी बोलणं झालं होतं, पाऊच छापून आले होते. आणि एप्रिलच्या मध्यावर त्यांनी गिऱ्हाइकांचे फोन उचलणं बंद केलं. माणसं चिडली, काहींनी ॲडव्हान्स परत मागितला.

मला त्यांचा फोन आला तो रात्री साडेदहाला. म्हणाल्या, "सर, पोत्यांकडे बघितलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. देठ खुडायला बसते आणि तासभर नुसती बसूनच राहते."

मी काय सांगितलं असेल? "ताई, पहाटे पाचला उठा. ध्येय कागदावर लिहून भिंतीला लावा. निगेटिव्ह विचार करायचाच नाही. आळसावरचा माझा व्हिडिओ बघा."

त्यांनी ऐकलं. तीन दिवस पाचला उठल्या. (खरं म्हणजे त्यांना तीनलाच जाग येत होती आणि नंतर झोप लागत नव्हती. पण ते मी विचारलंच नव्हतं.) चौथ्या दिवशी उठवलं नाही. म्हणजे मिरची राहिली ती राहिलीच, वर "सरांनी सांगितलेलं एवढंसंसुद्धा जमलं नाही" ही आणखी एक हार त्यांच्या नावावर लागली. सप्टेंबरमध्ये भेटल्या तेव्हा सरळ म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पण तो व्हिडिओ बघून मला जास्त वाईट वाटलं." जुलैमध्ये जाऊबाई त्यांना सिव्हिल हॉस्पिटलला घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. गोळ्या चालू होत्या, समुपदेशन चालू होतं. बोलता बोलता त्या मध्येच एकदा हसल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की एप्रिलच्या आधीपासूनच मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

तो व्हिडिओ मी काढून टाकला. मग या विषयावर वाचायला लागलो, ओळखीच्या डॉक्टरांना जाऊन विचारायला लागलो. जे समजलं ते तुमच्यासमोर ठेवतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण धंदा करणाऱ्या माणसाचं मन कुठे अडकतं हे मला रोज दिसतं, त्या बाजूने बोलेन.

टेन्शन आणि डिप्रेशन यांत गल्लत करू नका

धंद्यात टेन्शन असणारच. उधारी अडकली, माणूस न सांगता काम सोडून गेला, शेजारी तसंच दुकान उघडलं, तर झोप उडणार. त्याला आजार म्हणायचं कारण नाही.

मग फरक कसा कळणार? मी एक साधा ठोकताळा वापरतो. अडकलेलं पेमेंट आलं तर काय होतं? टेन्शनमधला माणूस "हुश्श" म्हणतो, घरी जाताना मुलांना वडापाव घेऊन जातो. डिप्रेशनमध्ये पेमेंट येतं, मोबाइलवर मेसेज दिसतो आणि आत काहीच हलत नाही. "आलं ना, मग काय झालं?" एवढंच वाटतं, किंवा तेही वाटत नाही. ज्या गोष्टीने आनंद व्हायचा तिचा आनंदच होत नाही, ही मोठी खूण आहे. दुःखापेक्षाही मोठी. कितीतरी लोक म्हणतात, "मला रडू येत नाही, उदास वाटत नाही, मग मला कसलं डिप्रेशन?" त्यांना नुसतं रिकामं वाटत असतं.

डॉक्टर यासाठी नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात, तिला पीएचक्यू-९ म्हणतात. ती मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं हे त्यात विचारतात: कशातही रस वाटत नाही का, उदास किंवा हताश वाटतं का, झोप कमी किंवा जास्त झाली का, थकवा आहे का, भूक बदलली का, आपण अपयशी आहोत, घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटतं का, लक्ष लागत नाही का, हालचाल मंदावली किंवा उलट चुळबुळ वाढली का, आणि मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. आणि शेवटच्या प्रश्नाला शून्याच्या वर काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, थांबायचं नाही. मात्र ही यादी म्हणजे निदान नव्हे. वजनकाटा जसं वजन सांगतो पण आजार सांगत नाही, तसंच हे.

"दोन आठवडे" हा शब्द लक्षात ठेवा. चार दिवस मूड गेला, पाचव्या दिवशी परत आला, तर तो मूड. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ तसंच चाललंय आणि कामावर, घरावर परिणाम होतोय, तर वेगळा विचार करायचा.

आता हीच लक्षणं धंद्यात कशी दिसतात ते सांगतो, कारण तिथे ती वेगळाच वेष घेऊन येतात. बँकेचं पाकीट येतं, ते फोडलंच जात नाही, टीव्हीच्या मागे खोचून ठेवलं जातं. व्हॉट्सॲपवरची चौकशी वाचली जाते, उत्तर उद्या देऊ म्हणून राहते आणि मग उत्तर द्यायची लाज वाटते म्हणून अजून राहते. पंचवीस वर्षं कापड मापणाऱ्या माणसाला अडीच मीटर कापायचं की पावणेतीन हे ठरवता येत नाही. कामगारावर विनाकारण ओरडणं होतं. पुरुषांमध्ये तर बऱ्याचदा उदासपणा दिसतच नाही, चिडचिड दिसते, नाहीतर संध्याकाळची बाटली दिसते. आणि आपल्याकडे मन दुखतं म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे डोकं दुखतं, ॲसिडिटी होते, पाठ धरते, अंगात कसकस वाटते. माणूस सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खातो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

याच्या उलटही होतं बरं का. थायरॉईड कमी असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, बी-१२ कमी असेल, तरी असाच थकवा आणि उदासी येते. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. ते पैसे उकळणं नाही, ती तपासणी करून घ्या.

आणि हे फक्त तुमच्याच वाट्याला आलंय असं समजू नका. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याचा सर्व्हे केला होता. त्यानुसार साधारण वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं. आणि त्यातले बहुतेक जण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. आता तुमच्या गल्लीतली दुकानं मोजा.

मन खोटी खतावणी लिहितं

अल्बर्ट एलिस नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९५५ च्या सुमारास त्यांनी एक उपचारपद्धती मांडली, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. महाराष्ट्रात ती पोचवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. तिचं सूत्र असं: घटना घडते, आपण तिचा काहीतरी अर्थ लावतो आणि त्या अर्थातून भावना येते. आपल्याला वाटतं घटनेतूनच भावना आली. मधली पायरी दिसतच नाही, इतकी ती पटकन घडते.

उदाहरण बघू. एका गिऱ्हाइकाने पाच किलोची ऑर्डर रद्द केली. ही घटना. एक जण म्हणतो, "अरेरे, पाच किलो गेलं, दुसरीकडे खपवू." त्याला वाईट वाटतं, पण तो फोन उचलून दुसऱ्याला विचारतो. दुसरा म्हणतो, "माझा मालच वाईट. मला धंदा जमतच नाही. बाबा म्हणाले होते तेच खरं." तो फोन खाली ठेवतो आणि पडून राहतो. पाच किलो दोघांचेही गेले.

एलिस यांचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या मनात एक छुपा "च" असतो. माझी ऑर्डर रद्द होताच कामा नये. मी यशस्वी झालोच पाहिजे. झालो नाही तर मी कवडीमोल. मला हा "च" फार आवडला, म्हणजे शोधायला. तुमच्या बोलण्यात दिवसभर तो किती वेळा येतो ते एकदा मोजून बघा.

जवळपास त्याच काळात ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञांना आपल्या पेशंटमध्ये दिसलं की डिप्रेशनमधले विचार आपोआप उगवतात, आणि ते एका ठरावीक बाजूला झुकलेले असतात: मी वाईट, जग वाईट, पुढेही वाईटच. आपल्या भाषेत सांगायचं तर मन वही लिहायला बसतं आणि फक्त नावेची बाजू लिहितं. जमेला काही आलंच तर "ते काय, नशिबाने आलं" म्हणून खोडून टाकतं. वर एका खात्याचा तोटा उचलून सगळ्या खात्यांना टाकतं. ऑर्डर गेली धंद्यातली, पण माणूस लिहितो की मी बाप म्हणूनही नालायक.

आता अशी वही तुमच्या मुनीमजींनी लिहिली असती तर तुम्ही काय केलं असतं? "पावत्या दाखवा" म्हणाला असता. तेच करायचं. ताईंच्या समुपदेशक बाईंनी त्यांच्याकडून हेच करून घेतलं. ताई म्हणायच्या, "माझा मसाला कोणालाच आवडत नाही." बाईंनी ऑर्डरची वही आणायला सांगितली. आदल्या वर्षीची एक्केचाळीस गिऱ्हाइकं निघाली, त्यातली सव्वीस दुसऱ्यांदा आलेली. ताई मला म्हणाल्या, "वही माझ्याच अक्षरातली होती सर, आणि तरी मला ते माहीत नव्हतं."

इथे एक सांगायला हवं. हे "पॉझिटिव्ह विचार करा" नाही. ऑर्डर गेली तर गेलीच, तोटा झाला तर झालाच, तो लिहायचाच. फक्त जेवढा झाला तेवढाच लिहायचा. आणि डिप्रेशन जास्त असेल तेव्हा हे एकट्याने जमत नाही, समोर कोणीतरी लागतं. ताप चढला असताना आपलाच ताप आपण हात लावून बघतो, तेव्हा कपाळही गरम आणि हातही गरम.

मूड येण्याची वाट बघू नका

आता कामाचं. आपल्याला वाटतं आधी उत्साह येईल, मग काम करू. डिप्रेशनमध्ये ही गाडी उलटी चालते. काम थांबलं की आनंद देणाऱ्या, "जमलं बुवा" असं वाटायला लावणाऱ्या गोष्टी कमी होतात. त्या कमी झाल्या की मन आणखी खाली जातं, मग काम आणखी थांबतं. पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात हे चक्र नीट मांडलं. त्यातून बाहेर पडायची वाट अशी की उत्साह नसतानाच अगदी छोटी कृती सुरू करायची, उत्साह मागून येतो. १९९६ मध्ये नील जेकबसन यांनी एक अभ्यास केला. त्यात कृतीचा नुसता एवढाच भाग दिलेल्या लोकांना साधारण तेवढाच फायदा झाला, जेवढा विचारांवरची पूर्ण थेरपी दिलेल्यांना झाला. म्हणजे ही गोष्ट दिसायला साधी असली तरी हलकी नाही.

मग माझं "पाचला उठा" काय चुकीचं होतं? माप चुकीचं होतं. आजारी माणसाला मी निरोग्या माणसाचं टार्गेट दिलं. छोटी कृती म्हणजे किती छोटी? ताईंना पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं ते इतकंच: सकाळी चहा अंगणात बसून प्यायचा आणि एका पोत्याचं तोंड उघडून मिरची उन्हात टाकायची. देठ खुडायचे नाहीत. (मिरची जुलैपर्यंत पोत्यात राहिली होती, बरीच काळी पडलेली, टाकूनच द्यावी लागली. पण ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी उरलेलीतली थोडी पसरायची, एवढं काम होतं.) पुढच्या आठवड्यात रोज एक फोन. विक्रीचा नाही, फक्त "मी आजारी होते, उत्तर द्यायचं राहिलं" एवढंच सांगायला. पाचातल्या चार जणींनी म्हणे "बरी आहेस ना?" असंच विचारलं. पाचवी भांडली. तेही झालं.

तुमच्यासाठी ते दुकानाचं शटर वर करून पंधरा मिनिटं नुसतं गल्ल्यावर बसणं असेल. न फोडलेल्या पाकिटांतलं एकच फोडणं असेल. पंधरा मिनिटं झाली की उठायची मुभा ठेवा. जमलं नाही तर माप अजून अर्धं करा. स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत, त्याने काम होत नाही हे आतापर्यंत अनुभवलंच असेल.

नोकरदाराला एक फायदा असतो, त्याला मस्टर असतं. साडेनऊला सही करायला जावंच लागतं, गेला की चार माणसं भेटतात, डबा खाल्ला जातो. आपल्याला मस्टर नाही. घरूनच धंदा असेल तर अंघोळ दुपारी झाली काय आणि न झाली काय, कोण विचारणार? मोकळीक म्हणून धंद्यात आलो आणि वाईट दिवसांत तीच मोकळीक अंगावर येते. म्हणून स्वतःचं मस्टर करा. उठायची वेळ रोज एकच, झोप झालेली असो वा नसो. दोन वेळचं जेवण ठरलेल्या वेळी. अर्धा तास उजेडात चालणं. आणि दिवसातून एका तरी माणसाशी, धंदा सोडून काहीही बोलणं. दारूने झोप लागते असं वाटतं, पण ती मोडकी झोप असते आणि दुसऱ्या दिवशीचं मन आणखी जड होतं.

अजून एक, आणि हे मी बॅचमध्ये ओरडून सांगतो. या काळात मोठे निर्णय घेऊ नका. दुकान विकायचं नाही, भागीदारी तोडायची नाही, गावी कायमचं परत जायचं नाही, आणि "एकदाच मोठी उडी मारू" म्हणून नवीन कर्जही काढायचं नाही. निर्णय टाळता येण्यासारखाच नसेल तर शेजारी एक भरवशाचं माणूस बसवून घ्या.

कर्जाची फाइल वेगळी करा

कर्ज आणि डिप्रेशन एकमेकांचा हात धरून चालतात. कर्जाने मन खचतं, खचलेलं मन हिशोब बघत नाही, न बघितल्याने कर्ज वाढतं. डॉक्टरांची गोळी हप्ता भरणार नाही, हे खरंच. म्हणून दोन्हीवर वेगवेगळं काम करावं लागतं.

एक दिवस, शक्यतो सकाळी, कोणालातरी बरोबर घेऊन एकाच पानावर सगळं लिहा: कोणाचं किती, व्याज किती, हप्ता कधी. बहुतेकांच्या मनातला आकडा आणि कागदावरचा आकडा यात फरक निघतो, आणि नेहमी तो वाईटच निघतो असं नाही. मग बँकेत स्वतः जाऊन बोला. हप्ता चुकण्याआधी गेलेल्या माणसाशी बँक वेगळं बोलते.

वसुलीवाल्यांचा त्रास असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम माहीत असू द्या: वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमक्या, नातेवाइकांना फोन करून बदनामी, काहीच चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते. उलट तुमचेच पैसे मोठ्या पार्टीकडे अडकले असतील, तुम्ही उत्पादन किंवा सेवा देत असाल आणि आधीपासून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर व्याजासकट. त्यासाठी सरकारी पोर्टल आहे. यावर सविस्तर पुन्हा कधीतरी, आज विषय तो नाही.

डॉक्टर, गोळ्या आणि "लोक काय म्हणतील"

सौम्य डिप्रेशन असेल तर नुसत्या समुपदेशनाने आणि वर सांगितलेल्या दिनक्रमानेही बरं वाटू शकतं. मध्यम आणि तीव्र असेल तर सहसा गोळ्याही लागतात. गोळ्या सायकिॲट्रिस्ट देतात, ते एमबीबीएसनंतर मनोविकारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, गोळ्या लिहून देत नाहीत. बऱ्याचदा दोघंही लागतात.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी आधीच माहीत असल्या तर माणसं उपचार मध्येच सोडत नाहीत. गोळी दोन दिवसांत काम करत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात, आणि सुरुवातीला मळमळ वगैरे त्रास आधी दिसतो, फायदा मागून. दुसरं म्हणजे बरं वाटलं की लगेच बंद करायची नाही. सहसा बरं वाटल्यानंतरही सहा महिने किंवा जास्त चालू ठेवतात, आणि बंद करताना डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थपणा येतो. तिसरं, डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागू शकते, म्हणून त्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणायच्या नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो, म्हणजे दाखवून घरी येता येतं. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था १९९० पासून याच क्षेत्रात काम करते आहे. आणि जिथे काहीच जवळ नाही तिथे फोन आहे: टेलि-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे.

राहिलं लोकांचं. बाजारपेठेत बातमी पसरते, हे मी नाकारत नाही. "वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो, याला उधार माल द्यावा का?" असं बोलणारे आहेत. सगळ्यांना सांगत सुटायची गरज नाही. ताईंनी गल्लीत थायरॉईडची गोळी म्हणून सांगितलं होतं. ते खोटं बोलणं योग्य की अयोग्य यावर मी प्रवचन देणार नाही, त्यांना तेव्हा तेवढंच झेपत होतं. पण घरातल्या एका माणसाला खरं माहीत पाहिजे. एका तरी.

कारण एक गोष्ट अशी आहे जी एकट्याने वाहायची नसते. "मी नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं", "माझ्यामागे निदान विम्याचे पैसे तरी मिळतील" असे विचार येत असतील तर ते हिशोबी विचार वाटतात, पटतातही. पण तीही त्याच खोट्या खतावणीतली नोंद आहे, आजाराने लिहिलेली. त्या दिवशी एकटं राहू नका. कोणालातरी त्याच शब्दांत सांगा, १४४१६ ला फोन करा, नाहीतर सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. आणि तुमच्या जवळचं कोणी असं काही बोललं, गमतीत का होईना, तर स्पष्ट विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट, बोलायला वाट मिळते. विचारून झालं की उपदेश करू नका, ऐका आणि बरोबर डॉक्टरकडे चला. ताईंच्या जाऊबाई फार शिकलेल्या नाहीत. त्यांनी एवढंच केलं, की "चल" म्हणाल्या आणि एसटीचं तिकीट दोघींचं काढलं.

यंदाच्या सीझनला ताईंनी ऐंशी किलोच मसाला करायचं ठरवलं, पूर्वी तीनशे करायच्या. देठ खुडायला जाऊबाई आणि शेजारच्या दोघी होत्या. मार्चअखेर एक पाऊच मला कुरिअरने आलं. गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी केलाय, बंद केलेला नाही. लेबलवर पॅकिंगची तारीख छापायची राहून गेली होती, ते मी फोन करून सांगितलं.

"अगंबाई, हो की," त्या म्हणाल्या. "पुढच्या लॉटला घालते, सर."